चोच आणि हजेरीपट

(आपल्या १९७६ च्या दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. शिक्षकाच्या हाती माईकही द्यायचा आणि विषयही त्याच्यावरच सोडायचा, हे किती धोक्याचं असतं ते समोर बसलेल्या माझ्या सरांना आणि बाईंना चांगलं माहीत आहे. शिवाय मागच्या अंगणात वांगी भाजायला घेतली आहेत, त्याचा वास इथपर्यंत येतोय. भरितासमोर माझा निभाव लागणार नाही, म्हणून मुद्द्यावर येतो.

सकाळपासून आपण आपापल्या प्रवासाविषयी ऐकतो आहोत. कोणी जळगावला दुकान थाटलं, कोणी सुरतेला गेलं, कोणाची मुलं परदेशी आहेत. मी मात्र पक्ष्यांच्या चोचींविषयी बोलणार आहे. हसू नका. मी धुळ्यात तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि त्यातली पहिली काही वर्षं हाच विषय चुकीचा शिकवला. ती चूक कबूल करायला माझ्या शिक्षकांसमोरची ही जागा बरी. दुसरं म्हणजे, या विषयाचा आपल्या सातवीच्या हजेरीपटाशी संबंध आहे. तो कसा, ते शेवटी सांगतो.

सातवी 'ब' मध्ये माझ्या बाकावर धुळ्याकडच्या एका खेड्यातला मुलगा बसायचा. घरात अहिराणी, पायांत वहाणा नाहीत, आणि डोळे सदा खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर. मधल्या सुट्टीत तो मला नाल्याकाठच्या बाभळींत घेऊन जायचा. पक्षी ओळखायची त्याची एक रीत होती. रंग बघायचा नाही, आधी चोच बघायची. तो म्हणायचा, "चोच दखीसन समजस, पाखरू काय खास." चोच पाहिली की कळतं, पाखरू काय खातं. पुढे मी जीवशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचली, पण या विषयाची सुरुवात याहून नेमकी करणारं वाक्य मला त्यांत सापडलं नाही.

आपल्या भाषेनेही हे फार पूर्वी ओळखलं आहे. आपल्या पक्ष्यांची नावं घ्या. सुतार, शिंपी, तांबट, धोबी, खाटीक, कोतवाल. अख्खा गावगाडा झाडावर बसला आहे! त्यात तांबटाला नाव मिळालं ते तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तशा आवाजावरून, धोब्याला शेपटीच्या आपटण्यावरून. पण सुतार, शिंपी आणि खाटीक यांना ते चोचीच्या कामावरून मिळालं. सुताराची चोच किंकऱ्यासारखी सरळ आणि कठीण, खोडातली अळी काढणारी. शिंप्याची बारीक, पानाला भोकं पाडून धागा ओवणारी. खाटकाच्या चोचीला टोकाशी आकडा आणि त्यामागे दातासारखा खाचा. नाकतोडा किंवा सरडा पकडून तो बाभळीच्या काट्याला टांगून ठेवतो, हे आपण नाल्याकाठी कितीदा पाहिलं आहे. आसोद्याच्या बहिणाबाईंनी सुगरणीच्या खोप्यावर कविता केली, तेव्हा चोच हेच पाखराचं अवजार ही गोष्ट त्यांच्याही नजरेतून सुटली नाही. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, हे इथे मुद्दाम सांगतो.

आता हिवाळ्यात कधी हतनूरच्या जलाशयावर जा. थापट्या बदक पाण्यात चोच बुडवून पुढे सरकताना दिसेल. त्याची चोच फावड्यासारखी पसरट असते आणि तिच्या कडांना आतून कंगव्यासारखे दाते असतात. पाणी बाहेर निघून जातं, बारीक जीव आणि बिया आत राहतात. म्हणजे चोच कसली, चाळणीच. कुदळ्या आपली लांब वाकडी चोच चिखलात खुपसतो, तिला बघून नाव कोणी का ठेवलं ते विचारावं लागत नाही. उघड्या चोचीचा करकोचा असतो, त्याच्या चोचीच्या दोन पात्यांमध्ये मिटल्यावरही फट राहते. लोकांना वाटायचं, तो अडकित्त्यासारखी गोगलगाय फोडत असेल. तसं नाही. तो खालच्या चोचीचं टोक शिंपल्यात सरकवतो, गोगलगाईला शिंपल्याशी धरून ठेवणारा स्नायू कापतो आणि आतला जीव ओढून काढतो. गंमत म्हणजे त्याच्या पिल्लांच्या चोचीला ही फट नसते, ती वाढत्या वयात पडते.

इथवर सगळं सोपं आहे. जसं खाणं तशी चोच. अवघड प्रश्न पुढचा आहे. ही अवजारं घडवली कोणी, आणि कशी?

मी वर्गात सांगायचो, "बगळ्याला पाण्यातले मासे पकडायचे होते. तो मान ताणत राहिला, चोच पुढे काढत राहिला, आणि पिढ्यान्पिढ्या ती लांब होत गेली." गोष्ट ऐकायला छान वाटते. मुलं माना डोलवायची, वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची आणि मी पैकीच्या पैकी गुण द्यायचो. एके वर्षी नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्या घरात पणजीपासून सगळ्यांचे कान टोचले आहेत. मग एकही मुलगी टोचलेले कान घेऊन का जन्मली नाही?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि तिला खाली बसवलं. त्या रात्री मला झोप आली नाही. तिचं बरोबर होतं. लोहाराचे दंड घण मारून कमावलेले असतात, त्याचा मुलगा ते घेऊन जन्मत नाही. आयुष्यात अंगाला जे घडतं ते रक्तात उतरत नाही. मग बगळ्याने मान ताणून त्याच्या पिल्लाची चोच कशी लांब होईल? दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं की काल मी चुकलो होतो आणि ही बरोबर होती. खरं उत्तर मात्र मला पुस्तकांत शोधावं लागलं. ते सापडलं प्रशांत महासागरातल्या एका बेटावर. आणि त्यात भेटला कोण, तर आपला सराटा!

सराटा कोणाला आठवत नाही? अनवाणी शाळेत येताना टाचेत घुसणारा, सायकलचं चाक पंक्चर करणारा. पिवळं नाजूक फूल, आणि त्यातून निघणारं ते काटेरी फळ. वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात, प्रत्येकाला काटे, आणि बी आत कडीकुलपात. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला गालापागोस नावाची बेटं आहेत. १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन तिथे गेला होता. तिथे फिंच नावाचे चिमणीसारखे पक्षी आहेत. डझनाहून अधिक जाती, दिसायला मळकट, पण प्रत्येकीची चोच निराळी. कोणाची बारीक कीटक टिपणारी, कोणाची निवडुंगाच्या फुलांत शिरणारी, कोणाची अडकित्त्यासारखी जाड. मूळ पूर्वज एकच, आणि लाखो वर्षांत एवढी विविधता. हे कसं झालं असेल याचा अंदाज डार्विनने बांधला, पण त्याला ते घडताना पाहता आलं नाही.

ते पाहिलं पीटर आणि रोझमेरी ग्रँट या नवरा-बायकोने. १९७३ पासून ते तिथल्या डॅफ्नी मेजर नावाच्या बेटावर जाऊ लागले. हे बेट अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही लहान, खडकाळ, निर्मनुष्य. तिथले फिंच पकडायचे, पायात रंगीत कडी अडकवायची, चोचीची लांबी, रुंदी, जाडी मोजायची आणि सोडून द्यायचं. कोणता पक्षी काय खातो, कोणाची पिल्लं किती, कोण मेलं, सगळं वहीत. वर्षानुवर्षं हाच उद्योग.

१९७७ मध्ये त्या बेटावर दुष्काळ पडला. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात १२७ मिलिमीटर पाऊस झाला होता, त्या वर्षी जेमतेम २४. गवत उगवलं नाही. मऊ, बारीक बिया काही महिन्यांत संपल्या. उरलं काय, तर सराटा. आपल्या शेतातला सराटा आणि डॅफ्नीवरचा सराटा या एकाच प्रजातीच्या दोन जाती, सख्ख्या बहिणी म्हणा. त्याचं कवच फोडणं सगळ्या चोचींना जमत नाही. ज्यांची चोच जाड त्यांनी सराटे फोडले. ज्यांची बारीक ते उपाशी राहिले. मध्यम आकाराच्या एका फिंचच्या जातीचे बेटावर सुमारे १२०० पक्षी होते, ते उरले सुमारे १८०.

उरलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी आधीच्या सगळ्यांपेक्षा साधारण अर्ध्या मिलिमीटरने जास्त भरली. दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवा, साधारण तेवढी जाडी. तेवढ्यावर जगण्या-मरण्याचा निकाल लागला. पुढच्या वर्षी पाऊस झाला, टिकलेल्यांनी घरटी केली, आणि पिल्लांच्या चोचीही सरासरीने जाड निघाल्या, कारण चोचीची जाडी आई-बापांकडून येते.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझी चूक इथेच होती. त्या दुष्काळात एकाही पक्ष्याची चोच वाढली नाही. बारीक चोचीच्या पक्ष्याने कितीही जीव तोडून सराटा फोडायचा प्रयत्न केला, तरी त्याची चोच होती तेवढीच राहिली. जाड चोचीचे पक्षी दुष्काळापूर्वीही होतेच. बदलली ती सरासरी. वर्गाची सरासरी उंची वाढवायचे दोन मार्ग असतात. एक, सगळ्या मुलांनी वाढायचं. दुसरा, बुटक्या मुलांची नावं पटावरून काढून टाकायची. निसर्ग दुसऱ्या मार्गाने जातो.

हे आता पेशीच्या आतही शिरून पाहता आलं आहे. अंड्यात पिल्लू घडत असताना बीएमपी-४ नावाचं प्रथिन लवकर आणि जास्त काम करू लागलं तर चोच जाड होते, कॅल्मोड्युलिन जास्त असेल तर लांब होते. २०१६ साली ग्रँट पती-पत्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचएमजीए-२ या जनुकाचा चोचीच्या आकाराशी असलेला संबंध दाखवून दिला. म्हणजे अवजाराचा साचा जन्माआधी ठरतो. तो कामाला येतो की नाही, ते बाहेरचा पाऊस ठरवतो.

आणि पाऊस काही दर वर्षी सारखा नसतो. १९८३ मध्ये त्याच बेटावर एल निनोमुळे धो धो पाऊस पडला. वेली माजल्या, सराटा त्यांच्याखाली दबला, बारीक बियांचा सुकाळ झाला. मग पुन्हा कोरडी वर्षं आली, पण आता खायला होत्या त्या बारीक बिया, आणि त्या टिपण्यात लहान चोचीचे पक्षी सरस ठरले. काटा उलटा फिरला. पुढे मोठ्या चोचीच्या दुसऱ्या एका फिंचने त्या बेटावर बस्तान बसवलं. २००४-०५ च्या सुमारास पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा सराट्यावर त्यानेच ताव मारला, आणि आपल्या मध्यम फिंचमध्ये या वेळी जाड चोचीचेच जास्त मेले. तोच दुष्काळ, तोच सराटा, निकाल मात्र उलट. म्हणून 'चांगली चोच' असं काही नसतं. त्या वर्षी उपयोगी पडलेली चोच, एवढंच म्हणता येतं.

आता हजेरीपटाकडे येतो.

ग्रँट पती-पत्नींना हे कळलं कशामुळे? दुष्काळानंतर बेटावर जाऊन फक्त उरलेले पक्षी मोजले असते तर काय दिसलं असतं? जाड चोचीचे, सराटे फोडणारे दणकट पक्षी. पाहणारा म्हणाला असता, वा, काय मेहनती जात आहे! त्यांच्याकडे दुष्काळाच्या आधीची यादी होती. जे मेले त्यांच्या चोचीही मोजलेल्या होत्या. गेलेल्यांची नोंद होती म्हणून उरलेल्यांचा अर्थ लागला.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आपण सातवीत होतो. मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आठवतात? सुकडी आठवते? माझ्या वडिलांना सरकारी नोकरीचा पगार होता. घरात चणचण होती, पण माझं दप्तर सुटलं नाही. माझ्या बाकावरचा तो मित्र दिवाळीनंतर आलाच नाही. आई-वडिलांबरोबर तो दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. बाकावर मी एकटा ऐसपैस बसू लागलो. वयच तसं होतं, मला त्यात बरंच वाटलं, हे आज सांगताना लाज वाटते.

पुढे मी दहावी झालो, पदवी घेतली, शिक्षक झालो. कितीतरी वर्षं मी वर्गात अभिमानाने सांगत असे की आमच्या वेळी परिस्थिती वाईट होती, पण आम्ही मेहनत केली म्हणून टिकलो. डॅफ्नी बेटाची हकिगत मुलांना शिकवता शिकवता एक दिवस माझ्याच लक्षात आलं की मी उरलेल्यांची यादी पाहून बोलतो आहे. मेहनत त्यानेही केली होती. बारा वर्षांच्या पोराने खडी फोडली, त्याहून मेहनत कोणती?

या मेळाव्याची यादी सुरुवातीला दहावीच्या निकालावरून केली होती, एकतीस नावांची. आपल्या एका मैत्रिणीने सुचवलं की सातवीचा हजेरीपट काढा. कार्यालयातल्या मंडळींनी धूळ झटकून तो काढून दिला. त्यावर चौपन्न नावं आहेत. मधल्या तेवीसांत मुली जास्त आहेत. त्यांतले काही या जगात नाहीत, काहींचा पत्ता लागला नाही, आणि सहाजण आज इथे बसले आहेत. या स्मरणिकेत चौपन्नही नावं छापावीत, ही माझी विनंती संयोजकांनी मान्य केली, त्यांचे मी आभार मानतो.

एक सावधगिरीची सूचना, शिक्षक या नात्याने. पक्ष्यांचं पाहून कोणी असं म्हणू नये की जो टिकतो तोच लायक, माणसांतही असंच चालायचं. चिमणीला रेशन कार्ड नसतं. दुष्काळात बारीक चोचीच्या पक्ष्याला कोणी सुकडी वाटत नाही. माणसं वाटतात. डॅफ्नीवर ज्या १९७७ साली ते पक्षी मेले, तेच साल आपल्या राज्याच्या रोजगार हमी अधिनियमाच्या नावात आहे. निसर्गात काय घडतं ते समजून घ्यायचं असतं. आपण कसं वागायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

आणि पटावरून नाव खोडायची घाई तर मुळीच करू नये. आपल्याच भागातला दाखला देतो. गावात वडा-पिंपळाच्या ढोलीत राहणारा पिंगळा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा एक रानातला भाऊबंद आहे, रानपिंगळा. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, कवटी आणि चोच मोठी, पंजे दणकट, आणि दिवसाउजेडी सरडे-सापसुरळ्यांची शिकार करणारा. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कोणाला मिळाला नव्हता. तो संपला असंच बहुतेकांनी धरलं होतं. १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो शहाद्याजवळच्या रानात दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. एकशे तेरा वर्षांनी! पुढे आपल्या यावल अभयारण्यातही तो आढळला. तो कुठेच गेला नव्हता. योग्य जागी जाऊन कोणी पाहिलं नव्हतं.

माझा बाकावरचा मित्र आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. पांढरी टोपी, हातात काठी. त्रेपन्न वर्षांनी सकाळी आम्ही भेटलो. काय बोलावं मला सुचेना. तोच मला धरून मागच्या कडुनिंबाखाली घेऊन गेला. वर एक इवलासा पक्षी फांद्यांत हालत होता. मी चष्मा पुसला आणि ऐटीत म्हणालो, "वटवट्या." त्याने काठीने माझ्या पायावर हलकेच टोचलं आणि म्हणाला, "सर, आधी चोच दख."

मी पाहिली. लांब, बाकदार, फुलातला मध काढणारी. शिंजीर होता.

गुरुजनहो, तुम्ही मला शिकवलंत. त्या नववीतल्या मुलीने मला दुरुस्त केलं. पण या विषयातला माझा पहिला गुरू निकालाच्या यादीत नव्हता. तो सातवीच्या पटावर होता. आता जेवायला जाऊ, भरीत गार होतंय. आणि पंगतीत त्याच्या शेजारची जागा कोणी घेऊ नका. त्या बाकावर मी फार वर्षं एकटा बसलो आहे.